एक सर्व्हर, एक मेकफाइल: जँगो ॲपचं डिप्लॉय

मांडणी ओळखीचीच आहे. उबुंटू चालवणारा एक व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर), पुढे वेब सर्व्हर एनजिनएक्स, मधे जँगोचा पायथन कोड चालवणारा गुनिकॉर्न, मागे पोस्टग्रेस डेटाबेस, आणि प्रोसेस चालू-बंद करायचं काम सिस्टमडीकडे. एवढ्यासाठी कुबरनेटीस (अनेक सर्व्हरवर कंटेनर सांभाळणारी यंत्रणा) उभं करणं म्हणजे वेळ वाया घालवणं. पण दर वेळी एसएसएचने सर्व्हरवर शिरून गिट पुल (नवा कोड), पिप इन्स्टॉल (लायब्ररी), मायग्रेट (डेटाबेसच्या रचनेतले बदल), कलेक्टस्टॅटिक (सीएसएससारख्या फाइली गोळा करणं), रीस्टार्ट असं ओळीने टाइप करत बसणंही बरं नाही. यात कमांड विसरण्यापेक्षा अर्धवट राहण्याची भीती मोठी असते. गिट पुल झालं आणि पिप इन्स्टॉल मधेच अडकलं, की डिस्कवर कोड नवा आणि लायब्ररी जुन्या अशी खिचडी होते. गुनिकॉर्नचे चालू वर्कर, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेस, मेमरीतल्या जुन्या कोडवर चालत राहतात, त्यामुळे काही वेळ काहीच बिघडलेलं दिसत नाही. मग एखादा वर्कर मरतो, नव्याने उठतो, खिचडी वाचतो आणि ५०० एरर यायला लागतात. तोवर डिप्लॉय करणारा जेवायला गेलेला असतो.

म्हणून सूत्र एकच: जे जे फसू शकतं ते सगळं चालू ॲपला हात न लावता आधी उरकायचं, आणि खरा बदल अगदी शेवटी, एका झटक्यात, मागे घेता येईल असा करायचा. पुढचं सगळं या सूत्रातूनच येतं.

मेक का, आणि त्याचे काटे

स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्समध्ये मेक लिहिलं ते सी प्रोग्रॅम बांधण्यासाठी. फाइल जुनी आहे की नवी हे बघून काम करायचं की नाही ते ठरवणं हा त्याचा मूळ स्वभाव. आपण त्याला नुसता टास्क रनर (ठरलेल्या कमांड एका नावाने चालवणारं साधन) म्हणून वापरतो, त्यामुळे काही ठिकाणी त्याचा स्वभाव आडवा येतो. तरी बहुतेक लिनक्स आणि मॅक डेव्हलपरांच्या मशीनवर ते आधीच असतं, नवीन माणसाला ‘मेक डिप्लॉय’ एवढंच सांगावं लागतं, आणि हा फायदा मोठा आहे. जस्ट, टास्क, फॅब्रिक यांतलं काहीही चालेल. खरं काम रनरमध्ये नसतंच.

काटे मात्र माहीत हवेत. मेकफाइलमध्ये नाव दिलेल्या कामाला ‘टार्गेट’ म्हणतात आणि त्याखालच्या कमांडना ‘रेसिपी’. रेसिपीची ओळ टॅबने सुरू व्हावी लागते; एडिटरने टॅबऐवजी स्पेस घातल्या की ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून ओरडा होतो. ‘डिप्लॉय’ नावाचा फोल्डर रेपोत असेल आणि त्याच नावाचं टार्गेट ‘फोनी’ (फाइल नव्हे, नुसतं काम) म्हणून जाहीर केलं नसेल, तर मेक शांतपणे ‘अप टू डेट’ म्हणतं आणि काहीही करत नाही. रेसिपीतली प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये चालते, म्हणून एका ओळीत सीडी केलेलं पुढच्या ओळीला लागू होत नाही. त्यावर ‘वनशेल’ (सगळ्या ओळी एकाच शेलमध्ये) हा उपाय आहे, पण तो जीएनयू मेक ३.८२ पासून. मॅकसोबत येणारं मेक ३.८१ आहे आणि ते ही सूचना मुकाट दुर्लक्षित करतं. शिवाय वनशेल लावलं की मधल्या ओळीचं अपयश मेकला कळत नाही, शेवटच्या कमांडचाच निकाल धरला जातो. ‘सेट डॅश ई’ (कमांड फसली की तिथेच थांब) स्वतः लिहावं लागतं. शेलचं डॉलर चिन्ह मेकफाइलमध्ये दोनदा लिहायचं. आणि मेकचा शेल म्हणजे बॅश नव्हे: उबुंटू-डेबियनवर ‘एसएच’ म्हणजे डॅश, त्यात ‘सोर्स’ ही कमांडच नाही.

नुसतं ‘मेक’ टाइप केलं तर फाइलमधलं पहिलं टार्गेट चालतं. ते ‘हेल्प’ असू द्या. पहिलं टार्गेट डिप्लॉय असलेल्या मेकफाइल पाहण्यात येतात, आणि त्या लिहिणाऱ्यांच्या धाडसाचं कौतुकच करावं लागतं.

सर्वांत फसवा काटा व्हेरिएबलचा. रिलीजचं नाव तारीख-वेळेवरून बनवताना साधं ‘बरोबर’ चिन्ह वापरलं, तर ते व्हेरिएबल जिथे जिथे येईल तिथे तारीख नव्याने काढली जाते. अपलोड एका नावाने होतो, मधे मिनिट बदलतं, आणि पुढची पायरी भलत्याच फोल्डरला शोधते. कोलन-बरोबर वापरलं की किंमत एकदाच ठरते. तसंच कोणाच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये मेकफ्लॅग्जद्वारे समांतर चालवण्याचा पर्याय असेल तर ‘तपासणी, अपलोड, बदल’ हा क्रम मोडतो. म्हणून ‘नॉटपॅरलल’ लिहून टाकावं.

मेकफाइल बारीक, स्क्रिप्ट सर्व्हरवर

टार्गेट पाच पुरतात: हेल्प, चेक, डिप्लॉय, रोलबॅक, स्टेटस. डिप्लॉयची रेसिपी म्हणजे चेक, मग कोड पाठवणं, मग सर्व्हरवरची एक बॅश स्क्रिप्ट चालवणं. सर्व्हरवर करायची कामं मेकफाइलमध्ये एसएसएचच्या अवतरणचिन्हांत कोंबू नका. मेकचं डॉलर, स्थानिक शेलचं डॉलर आणि पलीकडच्या शेलचं डॉलर अशा तीन थरांत कोण कुठे उलगडतंय हे एका आठवड्यानंतर लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. स्क्रिप्ट रेपोतच ठेवावी म्हणजे ती कोडसोबत पोचते आणि तिचा इतिहासही गिटमध्ये राहतो. ती एसएसएचला स्टँडर्ड इनपुटवरून पाजण्याचा शॉर्टकट टाळा. आतली एखादी कमांड इनपुट वाचणारी निघाली तर ती स्क्रिप्टचा उरलेला भागच गिळते, आणि अर्धी स्क्रिप्ट चालून यशस्वी झाल्यासारखं दिसतं.

एसएसएचला ‘बॅचमोड’ द्यावा, म्हणजे की नसेल तर पासवर्ड विचारत ताटकळण्याऐवजी ते लगेच फसतं. दूरवर कमांड चालवताना शेल इंटरॲक्टिव्ह नसतो, आणि उबुंटूची ‘बॅशआरसी’ फाइल अशा वेळी वरच्या ओळीतूनच परत फिरते. एनव्हीएम (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) किंवा पाथबद्दल खाली लिहिलेलं काहीच लागू होत नाही. ‘लॉगिन केल्यावर चालतं, डिप्लॉयमध्ये कमांड नॉट फाउंड’ या तक्रारीचं कारण बहुधा हेच. स्क्रिप्टमध्ये पूर्ण पाथ लिहा.

चेक टार्गेटमध्ये काय असावं? ‘गिट स्टेटस’चं पोर्सलेन आउटपुट रिकामं हवं, म्हणजे कमिट न केलेलं काही नको. गिट फेच करून आपलं हेड रिमोटच्या मेन शाखेशी जुळतंय का ते बघावं. टेस्ट चालवाव्यात. ‘मेकमायग्रेशन्स’ला चेक पर्याय देऊन चालवावं, म्हणजे मॉडेल बदललं पण मायग्रेशन फाइल कमिट करायची राहिली असेल तर इथेच अडेल. आणि सर्व्हरवर डिस्क किती मोकळी आहे तेही बघावं, कारण डिस्क भरली की पोस्टग्रेसही थांबतं.

फोल्डरांची रचना

ॲपच्या घरात ‘रिलीजेस’ आणि ‘शेअर्ड’ असे दोन फोल्डर आणि ‘करंट’ नावाची एक सिमलिंक (चालू रिलीजच्या फोल्डरकडे बोट दाखवणारी). ही रचना रुबीच्या जगातल्या कॅपिस्ट्रानो या डिप्लॉयच्या साधनाने रूढ केली आणि तिच्याहून चांगली अजून दिसत नाही. प्रत्येक डिप्लॉयचा रिलीजेसमध्ये नवा फोल्डर बनतो. नाव यूटीसी वेळ आणि कमिटचा छोटा हॅश जोडून. यूटीसीच का? क्लाउडवरचा सर्व्हर मुंबईत असला तरी त्याचं घड्याळ सहसा यूटीसीवर असतं, तुमचा लॅपटॉप साडेपाच तास पुढे. नावं एकाच घड्याळाने पडली नाहीत तर क्रम बिघडतो. शेअर्डमध्ये अपलोड झालेल्या फाइली, स्टॅटिक फाइली आणि एन्व्हायर्नमेंटची (पासवर्ड, डेटाबेसचा पत्ता वगैरेंची) फाइल. ही शेवटची फाइल ६०० परवानगीने, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी.

कोड पाठवायला आरसिंकने फोल्डर कॉपी करण्यापेक्षा गिट आर्काइव्ह बरं. त्यात फक्त कमिट केलेलं जातं. लॅपटॉपवरची डॉट ईएनव्ही फाइल, नोड मॉड्यूल्स, कोणाची तरी एसक्यूएल डंप असला कचरा जात नाही. आरसिंकच वापरायचं असेल तर दोन गोष्टी. सोर्सच्या शेवटी स्लॅश असेल तर फोल्डरच्या आतलं सामान जातं, नसेल तर फोल्डर स्वतः जातो. आणि ‘डिलीट’ पर्याय चालू ॲपच्या फोल्डरवर लावला तर वापरकर्त्यांनी अपलोड केलेल्या फाइली, ज्या तुमच्याकडे नाहीतच, त्या तो इमानेइतबारे पुसतो. आधी ‘ड्राय रन’ बघितल्याशिवाय तो पर्याय वापरू नये.

सर्व्हरवर काय, कोणत्या क्रमाने

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळी: सेट डॅश ई, यू आणि पाइपफेल, म्हणजे कमांड फसली, व्हेरिएबल नसलं किंवा पाइपमधलं काही फसलं तरी स्क्रिप्ट थांबते. मग कुलूप. दोघांनी एकाच वेळी डिप्लॉय मारला तर दोन मायग्रेशन एकमेकांवर आदळतात. ‘एफलॉक’ न थांबण्याच्या पर्यायासह वापरावं. दुसऱ्याला लगेच ‘डिप्लॉय चालू आहे’ असं कळतं. एमकेडीआरने फोल्डर बनवून केलेलं कुलूप स्क्रिप्ट मधेच मेली तर तसंच पडून राहतं, एफलॉकचं कर्नल आपोआप सोडतं.

मग नवीन रिलीजच्या फोल्डरमध्येच नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या रिलीजपुरत्या पायथन लायब्ररींची जागा). ते दुसरीकडे बनवून नंतर हलवायचं नाही. त्यातल्या स्क्रिप्टांच्या पहिल्या ओळीत पायथनचा पूर्ण पाथ लिहिलेला असतो, हलवलं की तो जुन्या जागी बोट दाखवतो. पिपचा कॅशे चालू ठेवला तर दर वेळी नव्याने बांधायला फारसा वेळ लागत नाही. डिस्क लागते, पण त्या बदल्यात रोलबॅकमध्ये जुन्या कोडला जुन्याच लायब्ररी मिळतात.

पुढचा खड्डा एन्व्हायर्नमेंट फाइलचा, आणि तो खोल आहे. सिस्टमडी आपल्या ‘एन्व्हायर्नमेंटफाइल’मधून व्हेरिएबल गुनिकॉर्नला देतं. पण मायग्रेट चालवते स्क्रिप्ट, आणि तिला त्यातलं काहीच माहीत नसतं. सेटिंग्जमध्ये ‘डेटाबेस यूआरएल नसेल तर एसक्यूलाइट’ असा सोयीचा डीफॉल्ट असेल, तर मायग्रेट एक कोरी एसक्यूलाइट फाइल बनवतं, तिच्यावर सगळी मायग्रेशन चालवतं आणि हिरव्या अक्षरांत ‘ओके’ म्हणतं. खरा पोस्टग्रेस जसाच्या तसा. नंतर ‘कॉलम अस्तित्वात नाही’ म्हणून ॲप कोसळतं आणि लॉगमध्ये मायग्रेशन झाल्याचं लिहिलेलं असतं. उपाय दोन: प्रॉडक्शन सेटिंग्जमध्ये डीफॉल्ट ठेवूच नका, व्हेरिएबल नसेल तर ॲपने उठण्यास नकार द्यावा, आणि स्क्रिप्टमध्ये ‘सेट डॅश ए’ करून ती फाइल वाचा. फाइल दोघांना समजेल अशी लिहायची: ‘एक्सपोर्ट’ शब्द सिस्टमडीला चालत नाही, आणि शेलसारखं एका व्हेरिएबलमध्ये दुसरं उलगडणंही तिथे होत नाही.

त्यानंतर जँगोची ‘चेक डिप्लॉय’ ही सेटिंग्जची तपासणी, मग कलेक्टस्टॅटिक. फाइलींच्या नावात हॅश घालणारं मॅनिफेस्ट स्टोरेज वापरत असाल तर स्टॅटिक फोल्डर शेअर्डमध्ये ठेवा आणि जुन्या फाइली लगेच पुसू नका; कोणाच्या तरी ब्राउझरमध्ये उघडं असलेलं कालचं पान कालचीच सीएसएस मागणार आहे. मात्र मॅनिफेस्टची, म्हणजे कोणत्या फाइलचं हॅशसह नाव काय या यादीची, जेसन फाइल डीफॉल्टने त्याच शेअर्ड फोल्डरमध्ये पडते आणि प्रत्येक डिप्लॉय ती बदलतो. रोलबॅक केल्यावर जुन्या कोडच्या हाती नव्या रिलीजचं मॅनिफेस्ट येतं, आणि नव्या रिलीजमधून काढून टाकलेली फाइल जुन्या टेम्प्लेटने मागितली की एरर येतो. जँगोच्या अलीकडच्या आवृत्त्यांत मॅनिफेस्टसाठी वेगळं स्टोरेज देता येतं. ते रिलीजच्या फोल्डरकडे वळवा.

मायग्रेशन: इथे घाई नको

सिमलिंक मागे फिरवता येते, डेटाबेस नाही. मायग्रेशन झाल्यापासून नवा कोड चालू होईपर्यंत जुना कोड नव्या स्कीमावर (टेबलांच्या रचनेवर) चालत असतो, आणि रोलबॅकनंतर तर तो तसाच चालत राहतो. म्हणून नियम: प्रत्येक मायग्रेशन आदल्या रिलीजच्या कोडला सोसवलं पाहिजे. कॉलम काढायचा असेल तर आधी त्याचा वापर कोडमधून काढणारं रिलीज, आणि पुढच्या रिलीजमध्ये कॉलम काढणं. नाव बदलायचं असेल तर नवा कॉलम, दोन्हीकडे लिहिणं, डेटा हलवणं, मग जुना काढणं. कंटाळवाणं आहे, पण रात्री अकराला बॅकअप परत लावण्यापेक्षा बरं.

नवा, रिकामा न चालणारा कॉलम डीफॉल्टसह घातला तरी सुटका होत नाही. जँगोमधला ‘डीफॉल्ट’ पायथनमध्ये राहतो. मायग्रेशन चालताना तो डेटाबेसला तात्पुरता दिला जातो आणि लगेच काढून घेतला जातो. जुना कोड त्या कॉलमचं नाव न घेता नवी नोंद घालायला गेला की ‘नॉट नल’ची अट मोडते. जँगो ५.० पासून ‘डीबी डीफॉल्ट’ आहे, तो डेटाबेसमध्येच टिकतो. त्याआधीच्या आवृत्तीवर असाल तर कॉलम आधी नल चालणारा ठेवा.

दुसरा धोका लॉकचा. पोस्टग्रेसमध्ये बहुतेक ‘ऑल्टर टेबल’ना त्या टेबलवर पूर्ण एकाधिकाराचा लॉक लागतो. टेबलवर कोणाचा तरी दहा मिनिटांचा रिपोर्ट चालू असेल तर ऑल्टर रांगेत थांबतो, आणि त्याच्या मागे त्या टेबलच्या साध्या सिलेक्ट क्वेऱ्याही थांबतात. मायग्रेशन मिलिसेकंदाचं, पण साइट दहा मिनिटं बंद. मायग्रेट चालवताना ‘पीजीऑप्शन्स’ व्हेरिएबलमधून लॉक टाइमआउट ५ सेकंद द्या. लॉक मिळाला नाही तर ते मायग्रेशन पूर्ण मागे फिरतं, डिप्लॉय थांबतो, साइट चालूच राहते. थोड्या वेळाने पुन्हा चालवा. मोठ्या टेबलवर इंडेक्स घालायचा असेल तर ‘ॲड इंडेक्स कनकरंटली’ वापरा आणि त्या मायग्रेशनचं ‘ॲटॉमिक’ बंद ठेवा. ते मधेच फसलं तर ‘इनव्हॅलिड’ इंडेक्स मागे उरतो, तो हाताने काढल्याशिवाय पुढचा प्रयत्न पार पडत नाही.

बदल आणि तपासणी

इथपर्यंत चालू कोडला कोणी हात लावलेला नाही. नेट गेलं, पिप फसलं, काहीही झालं तरी एक अर्धवट फोल्डर आणि फार तर जुन्या कोडला सोसवणारं मायग्रेशन मागे उरतं, एवढंच.

सिमलिंक बदलताना ‘एलएन’ला ‘एन’ पर्याय द्यायला विसरलात तर नवी लिंक जुन्या रिलीजच्या फोल्डरच्या आत जाऊन बसते, करंट जिथल्या तिथे, आणि कमांड यशस्वी. त्याहून नीट मार्ग: तात्पुरत्या नावाने लिंक बनवा आणि ‘एमव्ही’ला कॅपिटल टी पर्याय देऊन ती करंटवर आणा. हे एकच रीनेम असतं, त्यामुळे मधे ‘लिंकच नाही’ असा क्षण येत नाही.

मग गुनिकॉर्न. त्याला हप सिग्नल (नव्याने लोड होण्याचा इशारा) देऊन भागतं असं बरेच जण सांगतात. पण चालू मास्टर प्रोसेसची वर्किंग डिरेक्टरी जुन्या रिलीजच्या खऱ्या फोल्डरला चिकटलेली असते आणि त्याचा पायथनही जुन्याच एन्व्हायर्नमेंटमधला. प्रीलोड (मास्टरनेच कोड आधी वाचून ठेवणं) चालू असेल तर हपने कोड नव्याने वाचलाही जात नाही. सरळ सिस्टमडीकडून रीस्टार्ट करा आणि सॉकेट युनिट वेगळं ठेवा. मग पोर्टचा ताबा सिस्टमडीकडे राहतो. गुनिकॉर्न उठेपर्यंत आलेल्या रिक्वेस्ट रांगेत थांबतात, नाकारल्या जात नाहीत.

रीस्टार्टसाठी डिप्लॉय यूझरला सूडोचे सगळे अधिकार देऊ नका. ‘सूडोअर्स डॉट डी’मध्ये त्या एका सर्व्हिसच्या रीस्टार्टपुरती पासवर्डविना परवानगी पुरते. तिथल्या फाइलच्या नावात टिंब असेल तर सूडो ती फाइल वाचतच नाही, आणि हे कुठे सांगतही नाही. व्हिसूडोने तपासून मगच ठेवा.

तपासणी कर्लने, म्हणजे यूआरएल मागवणाऱ्या कमांडने. ‘फेल’ पर्याय नसेल तर ५०० आलं तरी कर्ल यशस्वी म्हणून परत येतं. हेल्थ यूआरएलने डेटाबेसला एक क्वेरी करावी आणि उत्तरात कमिटचा हॅश द्यावा. तो हॅश आत्ताच पाठवलेल्या रिलीजशी जुळला तरच डिप्लॉय झाला. नुसतं २०० बघितलं तर जुना कोडही २०० देतोच की! जुळलं नाही तर स्क्रिप्टने लिंक आधीच्या रिलीजकडे फिरवावी, रीस्टार्ट करावं आणि शून्येतर कोडने बाहेर पडावं. रोलबॅक टार्गेट हेच हाताने करतं.

जुनी रिलीजेस पाच ठेवून बाकीची पुसा. क्रम नावावरून लावा, फाइलच्या वेळेवरून नाही. आणि करंट सध्या ज्याकडे बोट दाखवतंय ते रिलीज यादीतून आधी वगळा; रोलबॅकनंतर तेच सर्वांत जुनं असू शकतं.

सेलरी (मागे रांगेतली कामं चालवणारं साधन) असेल तर त्याचे वर्करही रीस्टार्ट करायचे, आणि हे हमखास राहतं. वेब नवा कोड चालवतो, मागे रांगेत बसलेला वर्कर जुना. टास्कला नवा आर्ग्युमेंट जोडला असेल तर जुना वर्कर ‘टाइपएरर’ देतो. आणि उलट, रांगेत आधीच पडलेले निरोप जुन्या रूपात असतात, म्हणून नव्या आर्ग्युमेंटला डीफॉल्ट हवाच. सेलरीचं बीट (ठरल्या वेळी टास्क रांगेत टाकणारं) एकाच ठिकाणी चालू आहे ना हेही बघा.

हेच ‘मेक डिप्लॉय’ नंतर सीआयमधून (कोड पुश झाला की टेस्ट वगैरे आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेतून) चालवता येतं. तिथे फक्त एसएसएचची की आणि सर्व्हरची ओळख, म्हणजे ‘नोन होस्ट्स’, आधी भरून ठेवावी लागते. होस्ट तपासणी बंद करून वेळ मारून नेऊ नका.

दुसरा सर्व्हर आला की स्क्रिप्टचे दोन तुकडे करा, तयारी आणि बदल. तयारी दोन्ही सर्व्हरवर पूर्ण होऊ द्या, मायग्रेट त्यांतल्या एकावरच एकदा चालवा, मगच बदलाला हात घाला. स्टॅटिक फाइली दोन्हीकडे आधी पोचलेल्या हव्यात, नाहीतर पान एका सर्व्हरवरून येतं आणि त्याची सीएसएस दुसऱ्यावर सापडत नाही.